चार मजले, चार खुर्च्या

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार लांबूनच घे, हाताला ग्रीस आहे.

तंबूवाल्यांची नोकरी सोडली. ओरडू नकोस, आधी ऐक. तंबू ठोकायचं काम मजेचं होतं, पण ते लोक एकेका गावात तीन-तीन आठवडे राहायला लागले. माझ्या पायाला भिंगरी आहे असं जगाला तूच सांगितलंस आणि नावही तेच पाडलंस, मग तक्रार कुणाकडे करायची? तर आता मी बंदरात आहे. जहाजांची बुडं पाण्याखाली जाऊन खरवडणाऱ्या पाणबुड्यांच्या टोळीत. मी पाण्यात उतरत नाही, घाबरू नकोस. मी धक्क्यावर उभा राहतो आणि दोरी धरतो. दुसरं टोक पाणबुड्याच्या कमरेला. बस, एवढंच काम, आणि त्याचं जेवणही मिळतं.

माझा पाणबुड्या म्हणजे कासव. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. जमिनीवर इतका हळू चालतो की त्याने आणलेला चहा गारच प्यावा लागतो. पण खाली गेला की मासा. पाण्याखालून बोलता येत नाही, म्हणून दोरीला हिसके द्यायचे. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सोड. तीन म्हणजे येतोय वर. चार म्हणजे ओढ. मी अधूनमधून एक हिसका देऊन विचारायचं, त्याने एक देऊन सांगायचं. मला हे बोलणं फार आवडलं. शाळेत असं शिकवलं असतं तर मी पळालो नसतो.

आता मुद्दा. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू उचललास, "पत्र लिही" म्हणालीस आणि ठेवून दिलास. जिने एकतीस वर्षं ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये बसून अख्ख्या शहराचे फोन घेतले, तिने स्वतः वाढवलेल्या भाच्याला दोन शब्दांत कटवावं? तू लावून दिलेल्या ग्रंथालयातल्या नोकरीतून मी नवव्या दिवशी पळालो, त्याचा राग आहे हे कळलं. सोड ना आता. तिथे पुस्तकं उघडायची नव्हती, फक्त शिक्के मारायचे होते.

तुझा,
भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद पाठवते आहे, पुरवून वापर.

राग-बिग काही नाही. एकतीस वर्षं कानाला फोन लावून बसले, आता कान विटला. शिवाय फोनवर तू "अगं", "म्हणजे", "ते हे" करत बसतोस. कागदावर निदान वाक्य पुरं करतोस. म्हणून यापुढे पत्र. मध्येच शाई बदललेली दिसली तर दुर्लक्ष कर, पेनं जुनी आहेत.

इकडची बातमी म्हणजे मी समाजसेविका झाले. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही हे तुला माहीत आहे, आणि निम्मी माणसं साठीच्या पुढची. तर मी जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या बाहेर काढल्या आणि चारही मजल्यांवर, जिन्याच्या तोंडाशी, एक-एक ठेवून दिली. एकट्या बाईला चार खुर्च्या काय करायच्या? बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये माझं अभिनंदन झालं. टाळ्या वाजल्या. मी उठून आभार मानले नाहीत, तर त्यालाही विनय म्हणाले.

गैरसोय एवढीच, की दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत शिंपी बसायला लागला आहे. मी भाजी घेऊन वर येते तेव्हा तो तिथे असतोच आणि जावयाची गाऱ्हाणी सांगतो. मी कठडा धरून उभी राहते आणि ऐकते. परवा म्हणाला, "ताई, पूर्वी तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नव्हता. रिटायर झाल्यावर किती निवळलात हो!" सगळे हेच म्हणतात. कमी बोललं की माणूस चांगला ठरतो, ही युक्ती आधी सुचली असती तर मी साहेब होऊन रिटायर झाले असते.

पहिल्या मजल्यावरच्या बाईने मात्र गेल्या आठवड्यात ॲम्ब्युलन्स बोलावली. श्वास पुरत नाही म्हणे. आणि गेली कशी, तर केस विंचरून, पिशवी स्वतः उचलून. आमच्या वेळेला ही थेट फळ्यावर गेली असती. तुला आठवतो ना तो फळा? चहाच्या कपाटाशेजारी मीच टांगला होता, आणि वर मीच लिहिलं होतं, "फुकटे". नळात अंगठा अडकला म्हणून फोन करणारा. नवरा न्हाणीघरातून ओ देत नाही म्हणून फोन करणारी, आणि तो आत पेपर वाचत बसलेला. आठवड्याचा पहिला नंबर आम्ही हात वर करून ठरवायचो. माझी परीक्षा सोपी होती. फोनवर पूर्ण वाक्य बोलता येतंय? मग गाडीवाचून तुझं काही अडलेलं नाही. तीस मुलींना हेच शिकवलं मी.

पाण्याच्या कडेला पाय जपून ठेव.

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. आज हात धुतलेत, जवळून घे.

तुझ्या खुर्च्यांची गोष्ट मी टोळीत वाचून दाखवली. सगळे हसले. स्वयंपाकी तर शिंप्याच्या जावयाची बाजू घेऊन भांडायला लागला, कारण तो स्वतः कुणाचा तरी जावई आहे, आणि त्यात रस्सा करपला. फक्त कासव हसला नाही. त्याने पत्र मागून घेतलं. त्याला अक्षरं नीट लागत नाहीत, त्याने नुसतं उन्हात धरून पाहिलं. म्हणाला, "एका वाक्यात तीन शाया आहेत."

मी म्हटलं, "पेनं जुनी आहेत तिची."

तो म्हणाला, "पेन संपलं तर माणूस शब्दाच्या मध्ये अडकतो. ही दरवेळी शब्द संपवून थांबली आहे. उठली, जिथे जाऊन बसली तिथलं पेन उचललं." मग म्हणाला, "चार मजले, चार खुर्च्या. या बाईची दोरी कुणाच्या हातात आहे रे?"

आत्या, खरं सांग. तुला दम लागतो का?

आता माझी फजिती ऐक. मंगळवारी मी चार हिसके मोजले आणि ओढलं. जीव खाऊन ओढलं, पायांची सालटी गेली. कासव वर आला आणि कळलं की हिसके दोनच होते, वाटेत एक समुद्रपक्षी दोरीवर बसला, त्याचे मी दोन धरले. मला वाटलं, आता हा मला पाण्यात ढकलणार. त्याने नाक शिंकरलं, चहा मागितला आणि म्हणाला, "उगाच ओढलं तर काय म्हणतील, असा विचार ज्या दिवशी तुझ्या डोक्यात येईल, त्या दिवशी दोरी खाली ठेव आणि तंबू ठोकायला जा." आणि परत खाली गेला. इथे फळा नाही, आत्या.

आणखी एक नियम आहे, तो मी मागे लिहायला विसरलो. मी एक हिसका दिला आणि खालून उत्तर आलं नाही, तरी ओढायचंच. विचारायला कुणाला जायचं नाही.

म्हणून असं करू. तू दर सोमवारी मला एक कार्ड टाकायचं. काही लिहू नकोस हवं तर. शुक्रवारपर्यंत मला मिळतं. नाही मिळालं तर मी ओढणार.

पत्ता तोच, जाळी विणणाऱ्या बाईच्या माडीवर. तिच्याकडे पोपट आहे आणि तो घोरतो. पोपट घोरतात हे मला माहीत नव्हतं.

तुझा,
भिंगरी


५ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. त्या कासवालाही थोडे दे, आणि सांग की दुसऱ्याची पत्रं उन्हात धरू नयेत.

बरं, लागतो दम. या वयात कुणाला लागत नाही? डॉक्टरांनी पंप दिला आहे, श्वास सोडताना शीळ घातल्यासारखे ओठ करायला शिकवलं आहे, आणि एक कागद दिला आहे. पंप ओढूनही फरक पडला नाही, ओठ निळे दिसले, बोलताना वाक्य तुटलं, तर थांबू नका, फोन करा, असं त्यावर मोठ्या अक्षरात आहे. कागद चांगला जाड आहे. तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची डुगडुगत होती, तिच्या पायाखाली घडी करून घातला. आता अगदी पक्की बसते.

आता विचारलंच आहेस म्हणून सांगते. मागच्या गुरुवारी आंघोळीनंतर जरा जास्त झालं. घरात बसायला खुर्ची नाही, सगळ्या समाजसेवेत गेल्या. ट्रंकेवर बसले, कोपरं टेबलावर टेकवली, खिडकी उघडली. पंप ओढला, शीळ घातली, चारपर्यंत मोजलं, परत मोजलं. मग फोन उचलला. हो, उचलला. आणि मनात वाक्य तयार केलं : "वय सदुसष्ट, महिला, एकटी राहते, चौथा मजला, लिफ्ट नाही, श्वासाचा जुना त्रास, शुद्धीवर." इतका मुद्देसूद फोन मला एकतीस वर्षांत कुणी केला नव्हता. मग वाटलं, जिला एवढं नीट सुचतंय तिला झालंय काय? ठेवून दिला. वाक्य तोंडाने म्हणून पाहिलं नाही, हे खरं.

दुसरं असं, की सकाळच्या पाळीला धाकटी असते. माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार मुलगी, आता पाळीची मुख्य झाली आहे. पत्ता पाहिल्याबरोबर तिला कळणार. आणि गाडी येईपर्यंत मला बरं वाटलं तर? मी माझ्याच फळ्यावर जायचं? तेही पहिल्या नंबराने?

कार्ड टाकीन. पेटी खालीच आहे, तेवढं जमतं. पण हे तुझं समाधान म्हणून, माझी गरज म्हणून नाही.

आत्या


सोमवार, ११ मार्च

आहे.

आत्या


सोमवार, १८ मार्च

अजून आहे. शिंप्याचा जावई येऊन गेला. दीड महिना ऐकलं त्यातलं एकही अक्षर खरं नाही, सोन्यासारखा माणूस आहे. माझी भाजी वर आणून दिली.

आत्या


३ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार, आणि हे पत्र तुला कुठे मिळेल ते मला माहीत नाही. मिळेल ना?

शुक्रवारी तुझं कार्ड आलं नाही. शनिवारी नाही. सोमवारी, मंगळवारी नाही. कासवाने रोज एकदा माझ्याकडे पाहिलं. आज सकाळी दहाला मी बंदराच्या ऑफिसातून तुला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तुझा लहानपणीचा नियम आठवला, दहा वेळा वाजू द्यायचा. मी वीस वेळा वाजू दिला.

मग मी तुझ्या कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. पाठ आहे मला तो, लहानपणी तुला जेवायला बोलवायला हाच फिरवायचो आणि तू फटके द्यायचीस. एका बाईने उचलला. म्हणाली, "पेशंटजवळ आहात का?"

मी म्हटलं, "नाही, मी दुसऱ्या गावाला आहे. बंदरात."

"पेशंटला काय होतंय?"

"माहीत नाही."

"मग फोन कशासाठी केलात?"

"कार्ड आलं नाही."

मला तो फळा दिसायला लागला. अख्ख्या जगात इतका फुकटा फोन कुणी केला नसेल. मग मी तुझा पत्ता सांगितला. तिने तो एकदा परत म्हणून पाहिला, आणि एकदम म्हणाली, "ठेवा फोन. निघाली गाडी."

हे दहाला. आता साडेअकरा वाजलेत, आणि खरी गोष्ट आता लिहितो. आत्ता जाळीवाली बाई धक्क्यावर आली. तिच्या हातात तुझं २५ तारखेचं कार्ड. "अजून आहे, आणि कंटाळा आला आहे." ते शुक्रवारीच आलं होतं. मी २६ तारखेलाच तिची माडी सोडून टोळीच्या होडीवर झोपायला आलो होतो, त्या पोपटामुळे. तुला कळवायचं राहिलं. टपालात कळवायचं राहिलं. तिलाही सांगायचं राहिलं.

म्हणजे तुला काहीच झालेलं नाही, आणि मी तुझ्या दारात गाडी पाठवली. आत्या, मला मार. पण ते वीस वेळा वाजलं तेव्हा तू कुठे होतीस?

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद नाही. या वेळेला शिल्लक ठेवते.

कुठे होते ते ऐक. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीत होते. पाव आणायला नऊला उतरले, वर येताना तिसऱ्यापर्यंत पोचले आणि बसले. वरच्या मजल्यावर माझा फोन वाजत होता, तो मला ऐकू येत होता. दोन वेळा. उठायचं म्हणत होते. शिंपी दुसऱ्या मजल्यावरून आपली खुर्ची उचलून वर घेऊन आला होता, सोबत म्हणून. आता जावई चांगला निघाल्यामुळे व्याह्यांवर घसरला आहे. अर्धा तास मी ऐकत होते. तो म्हणाला, "तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मिळत नाही." मी मान हलवली. मान हलवायलाही चार आकडे मोजावे लागत होते, ते त्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात खालून बूट वाजले. दोघं जण, पाठीवर पेटी, हातात सिलिंडर, धावत. मला म्हणाले, "जरा पाय घ्या आजी, वरती इमर्जन्सी आहे." मी पाय घेतले. ते माझ्यावरून उडी मारल्यासारखे गेले आणि माझं दार ठोकायला लागले. "ताई, ऐकू येतंय का? ताई!" मग खांदा मारल्याचा आवाज.

भिंगरी, किल्ली माझ्या हातात होती. हातात! "अरे किल्ली आहे" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी तोंड उघडलं आणि "अ" आला. पुढचं येईचना. मी तिथे बसून, हातात किल्ली धरून, माझं स्वतःचं दार मोडताना ऐकलं. दुसऱ्या धक्क्याला बिजागरी गेली, तिसऱ्याला लॅच. ती चांगल्या लाकडाची चौकट होती.

शेवटी शिंप्यालाच सुचलं. वर तोंड करून ओरडला, "कुणाला शोधताय? ताई इथे माझ्याशी गप्पा मारतायत!" ते खाली आले. बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याहत्तर. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. असं पाहायचं नाही असं मी दोन पिढ्यांना शिकवलं आहे. नाकाला मास्क बसवला आणि मला खुर्चीसकट उचललं. माझ्याच खुर्चीतून, चारही मजल्यांच्या लोकांसमोर, खाली. खुर्चीखालचा डॉक्टरांचा कागद तिथेच राहिला. मागून शिंप्याच्या हातात पाव.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून तासभर तिथे बसला असता तर शिंपी एकटाच बोलत राहिला असता.

परवा धाकटी भेटायला आली. मी डोळे मिटून घेतले. मग विचारलंच, "फळ्यावर कितव्या नंबरला आहे मी?"

"कुठला फळा?"

"फुकट्यांचा."

ती हसायला लागली, मग थांबली. "मावशी, तो तुम्ही रिटायर झालात त्याच आठवड्यात काढला. चहाचं नवीन कपाट आणलं, ते मावत नव्हतं."

सहा वर्षं झाली मला घरी बसून. सहा वर्षं मी त्या फळ्याला घाबरले, आणि तिथे साखरेचे डबे आहेत.

पहिल्या मजल्यावरची बाई शेजारच्याच खाटेवर आहे. मागच्या वेळी घरी सोडलं होतं, परत आणलं. तिला खरंच श्वास पुरत नाही. केस मात्र अजून विंचरलेले असतात. ही तिची सवय आहे, मी पुरावा समजले होते.

तू यायचं नाहीस. दोरी धर आपली. आणि पत्ता बदललास की कळवत जा, गाढवा.

आत्या


१९ मे

ती. आत्या,

नमस्कार. पोचलो. परत त्याच बंदरात, त्याच टोळीत. एकाच ठिकाणी दोनदा जायची माझी ही पहिलीच वेळ. कासव म्हणाला, "कुणी हाकललं का?" मी म्हटलं, "आत्याने. 'येऊ नकोस' म्हटल्यावर गेलो आणि 'राहा' म्हणायच्या आत हाकलला गेलो."

गेलं महिनाभर तुझ्याजवळ राहिलो त्यात एक गोष्ट कळली. तुझा आवाज मला किती दिवसांनी ऐकायला मिळाला! तू चार शब्द बोलतेस, थांबतेस, श्वास घेतेस आणि पुढचे चार बोलतेस. मला आधी भीती वाटली. मग सवय झाली. तू हे माझ्यापासून लपवत होतीस होय? मी समजत होतो, ग्रंथालयाचा राग.

दार मी चार वेळा दुरुस्त केलं, त्याबद्दल बोलू नये ही विनंती. सुतार बोलव.

सोमवारचं कार्ड चालू ठेव. पण कासव म्हणतो, वरून ओढणाऱ्याची कामगिरी सोपी असते. अवघड असतात ते खालून दिलेले चार हिसके. त्याने चाळीस वर्षांत फक्त दोनदा दिलेत, आणि दोन्ही वेळा आधी त्याला लाज वाटली. कोण बघत होतं पाण्याखाली, ते त्यालाही सांगता येत नाही.

तुझा,
भिंगरी


२ जून

चि. भिंगरी,

आशीर्वाद, मागची बाकी धरून.

दवाखान्यातून लिहिते आहे. घाबरू नकोस, उद्या सोडणार आहेत. या वेळेला कुणी ओढलं नाही. मीच केला फोन.

मंगळवारी दुपारी, कपडे वाळत घालताना झालं. ट्रंकेवर बसले. पंप दोनदा. काही नाही. फोनशेजारी भिंतीवर मी ते मुद्देसूद वाक्य लिहून चिकटवलं होतं, तू पाहिलंस आणि हसलास. वेळेला फक्त वाचायचं, असं ठरलेलं. फोन उचलला. पलीकडे धाकटी नव्हती, नवीनच मुलगी होती, आवाज ओळखीचा नाही. "वय" म्हटलं आणि थांबले. "चौथा" म्हटलं आणि थांबले. माझ्या परीक्षेत मी शंभरपैकी शंभर मिळवले असते, पण ते सांगायलाही वाक्य लागतं. मग काही सुचेना, म्हणून फोन टेबलावर आपटला. एक, दोन, तीन, चार.

तिला त्याचा अर्थ कळायचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली, "बोलू नका. मला तुमचा श्वास ऐकू येतोय, तेवढा पुरे आहे. पत्ता दिसतोय इथे. निघालेत. मी फोन ठेवत नाही, तुम्ही नुसत्या बसा. दार तेवढं उघडता येईल का?"

ती मुलगी मी शिकवलेली नाही, म्हणूनच बरी निघाली. बारा मिनिटं ती फोनवर होती आणि दर मिनिटाला म्हणायची, "आहे मी." तुझ्या एका हिसक्यासारखं. मी बोटाने एकदा टकटक करायची.

दाराचं म्हणशील, तर ते उघडंच होतं. तू चार वेळा दुरुस्त केल्यापासून त्याला कडी लागतच नाही. सुतार आला होता, मी परत पाठवला. राहू दे असंच.

आकडा या वेळी सत्त्याऐंशी होता. गाडीतला म्हणाला, "वेळेवर केलात फोन, आजी." मी त्याला म्हणणार होते की उशिराने केला असता तर निदान खात्री तरी झाली असती. पण एवढं लांब वाक्य कुठून आणू?

तीन खुर्च्या आहेत तिथेच राहतील. चौथी घरात नेऊन ठेवायला शिंप्याला सांगितलं आहे, फोनजवळ.

कार्ड बंद करते. कासवाला सांग, बाईला दोरी सापडली. तू रविवारी फोन कर. अर्धी वाक्यं मी बोलेन, उरलेली अर्धी तू बोलशीलच, तुला कोण थांबवणार आहे?

आत्या